सिस्टरच्या गाडीचे स्टड

“मग हा आवळला तरी कुणी, वस्ताद?”

सर्जेरावनं हे विचारलं ते दुकानाच्या उंबऱ्यातूनच. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी. खांद्यावरचं पोतं त्यानं बाकावर उतरवलं आणि त्याचं तोंड सोडलं. आतून निघालं इंजिनाचं खालचं ॲल्युमिनियमचं घर, मिस्त्री लोक ज्याला चेंबर म्हणतात ते. सिलिंडर धरून ठेवायला त्यात चार लांब स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेले पोलादी दांडे, रोवलेले असतात. त्यातले दोन धड होते. दोन पेरभर उंचीवर तुटले होते.

दस्तगीर वस्ताद चहा पीत होते. कप दोन्ही हातांनी धरला होता, कारण एका हातात तो अलीकडे ठरत नसे. त्यांनी चेंबरकडे पाहिलं, सर्जेरावकडे पाहिलं आणि उरलेला चहा सावकाश संपवला.

“बस की.”

सर्जेराव बसला नाही. मिरजेच्या या गल्लीत, तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारी असलेल्या या दुकानात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून राबला होता. पण स्वतःचं गॅरेज टाकल्यापासून त्यानं इथं पाऊल ठेवलं नव्हतं. आज आला होता तोही शिकायला नव्हे. जाब विचारायला आला होता.

त्याच्या मागोमाग रिक्षातून मार्था सिस्टर उतरल्या. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, पाठ वाकलेली. वस्ताद त्यांना पाहून उठू लागले तसं त्यांनी हातानंच बसायची खूण केली आणि स्वतः दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या.

गाडी सिस्टरची होती. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर सुईणीचं काम केलं. आसपासच्या खेड्यांतून अवघडलेल्या बाईचा निरोप आला की त्या या मोटरसायकलला किक मारून निघायच्या. पुढे सिस्टर आणि मागे औषधांची बॅग मांडीवर धरून बसलेले त्यांचे यजमान. त्या काळी लोक हे बघायला घराबाहेर येत. यजमान गेले, सिस्टर थकल्या, गाडी राहिली. टाकीवरचं विलायती नाव केव्हाच उडून गेलं होतं. सगळं गाव तिला सिस्टरची गाडी म्हणूनच ओळखत असे.

येत्या रविवारनंतर सिस्टर लेकीकडे नागपूरला जाणार होत्या, कायमच्या. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्यांना या गाडीवरून बेडगच्या रस्त्यानं जाऊन यायचं होतं. एवढ्यासाठी त्यांनी ती सर्जेरावकडे टाकली होती. इंजिन जाम झालं होतं. सर्जेरावनं खोलायला घेतलं आणि पहिला स्टड कटकन तुटला. दुसऱ्याला तो जपून गेला. तोही तुटला.

आता तो उरलेला पेरभर तुकडा चेंबरच्या तोंडाशीच मोडला तर आत ड्रिल घालावं लागणार होतं. स्टड पोलादी, भोवतीचं ॲल्युमिनियम मऊ. ड्रिल तसूभर वाकडं गेलं की चेंबर संपलं. दुसरं मिळण्यातलं नव्हतं, आणि मिळालं असतं तरी गाडीचा नंबर याच चेंबरवर ठोकलेला होता. चेंबर गेलं की सिस्टरची गाडी ही सिस्टरची गाडी राहणार नव्हती. भंगारवाल्याची होणार होती.

स्टड तुटले तेव्हा सर्जेराव सिस्टरांच्या देखतच ओरडला होता, कुणा गाढवानं आवळलेत हे! सिस्टर शांतपणे म्हणाल्या होत्या की गाडी दस्तगीरभाईंच्या दुकानाखेरीज कुठे गेलेलीच नाही.

आणि खोटं कशाला सांगा, ते ऐकून सर्जेरावला आतल्या आत बरं वाटलं होतं. गॅरेज जोरात चाललं होतं, नाव झालं होतं, तरी जुने लोक अजून म्हणायचे की वस्तादांचा हात तो वस्तादांचाच. ते त्याला फार झोंबायचं. आता त्या हाताची करणी त्याच्या पोत्यात होती. ती वस्तादांच्याच बाकावर ठेवायला तो भर सकाळी निघून आला होता.

“तुमच्या दुकानातलं काम हाय हे,” तो म्हणाला. “सिस्टरच सांगत्यात.”

“असंल की.”

“मग आवळला कुणी?”

“ते बघू,” वस्ताद म्हणाले. “आधी धू.”

सर्जेरावला राग आला. धुवायचं काम नव्या पोराचं. सिस्टर बसल्या होत्या म्हणून तो काही बोलला नाही. घमेल्यात रॉकेल ओतलं, ब्रश घेतला आणि दोन्ही तुटक्या स्टडांच्या मुळाशी जमलेला काळा थर घासायला लागला. शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याला तार चढवत होतं. तार जरा चढायची, थांबायची, पुन्हा जरा चढायची.

थर निघाला. खालचं पांढरं ॲल्युमिनियम उघडं पडलं.

प्रत्येक स्टडाच्या मुळाभोवती तीन ठिपके होते. तिकोनात ठोकलेले.

सर्जेरावचा ब्रश जागीच थांबला.

पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडीचा एकेक ठोका मारला की असा ठिपका पडतो. त्यानं भोवतीचा मऊ धातू दाबला जाऊन स्टडाच्या आट्यांत घुसतो, आणि स्टड जागचा हलत नाही. काही मिस्त्री एखादा ठोका मारतातही. पण तीन, आणि तेही तिकोनात मारणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात एकच होता. त्यासाठी त्यानं खास बारीक टोकाचा पंच करवून घेतला होता. तो आत्ताही त्याच्या खिशात होता.

या ठिपक्यांवरच त्याचं नाव झालं होतं. त्याची खूण ज्याला ठाऊक नाही तो मिस्त्री खोलायला जायचा, घाम गाळायचा, आणि शेवटी गिऱ्हाईक मुकाट सर्जेरावकडे परत यायचं. सर्जेरावनं आवळलेलं सर्जेरावच खोलणार, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगत असे.

त्याला तो दिवस आठवला. या दुकानातला त्याचा शेवटचा दिवस. एक इंजिन बांधून त्यानं याच बाकावर ठेवलं होतं. वस्ताद आले, बराच वेळ वाकून इंजिनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सर्जा, आता तुला माझी गरज न्हाई. तुझं तू दुकान टाक.” एवढंच. सर्जेरावनं ते वाक्य आयुष्यभराचं सर्टिफिकेट म्हणून मिरवलं होतं. वस्तादांकडे आपल्याला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, असं तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायचा.

त्या दिवशी बाकावर इंजिन कुणाचं होतं, हे मात्र तो साफ विसरला होता.

त्यानं हळूच मान वर केली. वस्ताद रस्त्याकडे बघत होते. सिस्टर पदरानं वारा घेत होत्या. बाकाच्या कडेला ग्रीसचा डबा होता.

सर्जेरावनं त्यात बोट बुडवलं आणि दोन्ही स्टडांच्या मुळाशी फिरवलं. ठिपके बुजले.

“झालं धुवून?” वस्तादांनी विचारलं.

“झालं.”

“काय दिसलं?”

“काय न्हाई. गंज हाय नुसता…”

“हं.”

वस्ताद उठून बाकाशी आले. ओणवं होऊन त्यांनी चेंबरकडे पाहिलं. मग आपला थरथरता हात पुढे केला, जरा वेळ तसाच धरला आणि मागे घेतला.

“माझ्याच्यानं आता हुणार न्हाई. तूच काढ. मी हितं बसतो.”

सर्जेरावला हवं होतं नेमकं उलटं. म्हाताऱ्यानं जरा वेळ बाहेर जावं, चहाला जावं, नमाजाला जावं, म्हणजे गुपचूप ठिपके उकरता येतील, असा त्याचा हिशेब होता. पण वस्तादांनी स्टूल ओढलं आणि चेंबरच्या समोर, हातभर अंतरावर बैठक मारली.

तुटक्या स्टडाच्या डोक्यावर एक नट वेल्ड करायला त्यांनी सांगितलं, म्हणजे पाना लावायला धड जागा होईल. सर्जेरावनं नट ठेवला, चेंबरला ओल्या चिंध्या गुंडाळल्या आणि वेल्डिंगचा दांडा टेकवला. माणूस कसाही असो, त्याच्या हातात कला होती. नट असा बसला की जणू स्टडाला तो जन्मापासूनच होता. एरवी त्यानं मान वर करून शाबासकीची वाट पाहिली असती. आज मान खालीच राहिली.

“आता भवतीनं शेक.”

त्यानं ब्लोलँप पेटवला. निळी ज्योत चेंबरवरून फिरू लागली.

“सिस्टरबाई,” वस्ताद म्हणाले, “एखादी मेणबत्ती हाय का तुमच्याजवळ?”

सिस्टरांनी पिशवीत हात घातला. जाड, पांढरी, कोरी मेणबत्ती निघाली. परतताना कबरस्तानात यजमानांच्या कबरीवर लावायला आणली होती, असं त्या म्हणाल्या. वस्तादांनी पुढे केलेला हात आखडता घेतला.

“घ्या हो, दस्तगीरभाई,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांचीही गाडी होतीच ती.”

ही वस्तादांची जुनी रीत. तापलेल्या धातूला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळतं आणि वाट मिळेल तसं आपोआप आट्यांत उतरत जातं. तेल जिथं पोचत नाही तिथं मेण पोचतं. सर्जेराव हे याच बाकावर शिकला होता, आणि गॅरेज टाकल्यावर त्यानं ते सोडूनही दिलं होतं. फार वेळ जातो म्हणून.

त्यानं मेणबत्ती स्टडाच्या मुळाशी टेकवली.

ग्रीस चरचरलं. काळा धूर निघाला. मेण आत जाईना. ग्रीसवरून घसरून बाजूला ओघळलं आणि चेंबरवर थिजलं.

“जाईना व्हय?” वस्तादांनी विचारलं.

“जाईल की. जरा थंड हाय अजून.”

त्यानं ज्योत मोठी केली. ग्रीस पातळ होऊन वाहू लागलं, आणि धुरातून एक ठिपका हळूहळू वर आला. मग दुसरा. सर्जेरावनं घाईघाईनं पाना उचलून नटाला लावला आणि डावा पंजा असा धरला की मूळ झाकलं जावं. धातूची धग तळहाताला लागत होती. त्यानं हात काढला नाही.

“लावलास पाना?”

“लावला.”

त्याला सगळं दिसत होतं. ठिपके आट्यांत रुतलेले आहेत तोवर हा स्टड सुटणार नाही. जोर लावला तर तोंडाशीच तुटेल. नाहीतर आटे फाडून घेऊन बाहेर येईल. दोन्हीकडून चेंबर मेलंच. आणि जोर लावायचा नाही, तर का लावायचा नाही ते सांगावं लागेल. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. शेजारची तार पुन्हा चढू लागली होती.

“थांबलास का?”

“सोडवतो की…”

“सोडवू नको,” वस्ताद म्हणाले. “आवळ.”

सर्जेरावला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“आवळू?”

“व्हय. केसभर.”

म्हातारा भ्रमिष्ट झालाय की डाव साधतोय, त्याला कळेना. घट्ट बसलेल्या नटाला आधी जरा आवळायचं, म्हणजे गंजाची पकड मोडते आणि मग तो मागे येतो, ही गोष्ट त्याला नवी नव्हती. वस्ताद ती सगळ्यांनाच शिकवत. पण हा स्टड काही तसा नव्हता. हा किती आवळलाय, हे त्याच्या मनगटाला पुरतं आठवत होतं. त्या दिवशी त्यानं पान्याला पाइप जोडून, दात-ओठ खाऊन शेवटचा फेरा दिला होता.

“वस्ताद, तुटंल ह्यो.”

“आवळ म्हणतो न्हवं.”

“तुटंल ओ. ह्यात केसभरबी जागा न्हाई आता. पार शेवटाला गेलाय.”

वस्तादांनी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“तुला कसं म्हाईत?”

…

शेजारची तार थांबली. सिस्टरांचा पदर हलायचा थांबला. ब्लोलँपचा तेवढा आवाज येत राहिला.

सर्जेरावचा हात भाजत होता. तो त्यानं चेंबरवरून उचलला. मेणाच्या ओघळांमध्ये तिन्ही ठिपके स्वच्छ दिसत होते.

“मीच आवळलाय,” तो म्हणाला.

त्याला वाटलं, आता वस्ताद बोलतील. शिव्या देतील, निदान हसतील तरी. स्टड तुटले तेव्हा तो स्वतः गाढव म्हणाला होता, तो शब्द तरी सिस्टर परत करतील. शरमेनं त्याचे कान तापले होते. एवढी शरम त्याला पोरवयात मार खातानाही वाटली नव्हती.

सिस्टरांनी विचारलं ते भलतंच.

“मग निघेल का रे तो? एवढंच सांग मला.”

सर्जेरावनं वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी नजर मेणबत्तीकडे वळवली.

“म्हाईत न्हाई, सिस्टर,” तो म्हणाला.

गिऱ्हाइकाला माहीत नाही असं त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं. तोंडातून निघताना ते शब्द त्याला कुणा दुसऱ्याचेच वाटले.

“आता धू,” वस्ताद म्हणाले. “नीट.”

त्यानं धुतलं. ग्रीसचा मागमूस राहू नये म्हणून चिंधी सुईवर गुंडाळून कोपरा न् कोपरा पुसला. मग सगळ्यात बारीक ड्रिल घेऊन एकेक ठिपका उकरू लागला. जरा खाली गेलं तर आटे जखमी होणार, जरा वर राहिलं तर पकड सुटणार नाही. ठिपका मारायला हातोडीचा एक ठोका पुरला होता. काढायला सकाळ गेली. मध्ये वस्तादांनी चहा मागवला. सर्जेरावचा तसाच निवून गेला, वर साय धरली.

शेवटचा ठिपका निघाला तेव्हा त्यानं पाठ सरळ केली.

“शेक.”

ज्योत फिरली. या वेळी धूर झाला नाही. त्यानं मेणबत्ती टेकवली, आणि मेणाचा थेंब स्टडाच्या मुळाशी क्षणभर थरथरून आत नाहीसा झाला. दुसरा थेंब. तोही गेला. जमीन पाणी पिते तसं चेंबर मेण पीत होतं. सिस्टर स्टुलावरून उठून जवळ येऊन बघायला लागल्या.

“आता?” सर्जेरावनं विचारलं.

“थांब.”

तो थांबला. धातू निवत चालल्याची बारीक टिकटिक ऐकू येत होती. पाना हातात धरून नुसतं उभं राहायचं हे काम त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याचं मनगट शिवशिवत होतं. वस्तादांचे डोळे मिटलेले होते. झोपले की काय, अशी त्याला शंका आली.

“आवळ,” वस्ताद डोळे न उघडता म्हणाले.

सर्जेरावनं पाना लावला. तुटला तर त्याच्याच हातून, त्याचाच स्टड, सिस्टरांच्या देखत. त्यानं श्वास धरला आणि आवळायच्या दिशेनं जोर दिला, एवढासा. काही नाही. आणखी जरा. पाना कण्हल्यासारखा वाटला. सिस्टर ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होत्या.

टक्.

एवढंच वाजलं. सर्जेरावनं डोळे गच्च मिटून घेतले. तुटतानाही असाच आवाज होतो.

“बघ की,” वस्ताद म्हणाले.

त्यानं डोळे उघडले. स्टड शाबूत होता. केसभर पुढे सरकला होता.

“आता माघारी ये. ओढू नको. ईल तेवढाच घे.”

तो थोडा मागे आला, थोडा पुढे गेला. पुन्हा मागे. दर वेळी मागचा हेलकावा पुढच्यापेक्षा जरासा मोठा होत गेला. मेण पांढऱ्या पिठासारखं आट्यांतून बाहेर येऊ लागलं. मग एकदम पान्यातला भार उतरला. सर्जेरावनं पाना खाली ठेवला आणि राहिलेले फेरे बोटांनी दिले. स्टड त्याच्या तळहातावर येऊन पडला, गरम, मेणानं माखलेला. चेंबरमधले आटे जसेच्या तसे होते.

सिस्टर पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. सर्जेरावला रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही, फक्त तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी त्यानं भोकात टॅप फिरवून आटे साफ केले आणि नवा स्टड घेतला. बोटांनी फिरवत तळापर्यंत नेला. मग सवयीनं त्याचा हात पान्याकडे गेला, आणि पान्याजवळ पोचून अडला.

“वस्ताद, किती आवळू?”

वस्तादांनी आपला उजवा हात उचलून त्याच्यासमोर धरला. हात थरथरत होता. बोटं एका जागी ठरत नव्हती.

“ह्या हातानं खोलता ईल इतका.”

सर्जेरावनं पाना उचलला. दिला तो इतका हलका दाब की त्याला स्वतःलाच काही केल्यासारखं वाटेना. मग वस्तादांनी पुढे होऊन पाना हातात घेतला. थरथरता हात लागला, स्टड पाव फेरा सुटला. त्यांनीच तो पुन्हा बसवला आणि पाना सर्जेरावच्या हाती परत दिला.

दुसरा तुटका स्टड त्यानं एकट्यानं काढला. वस्ताद तोवर बाकाला टेकून खरंच झोपले होते.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सिस्टरची गाडी चर्चच्या फाटकाशी उभी राहिली. चालवायला सर्जेराव होता. सिस्टर मागे बसल्या आणि त्यांनी पिशवीतून एक जुनी चामड्याची बॅग काढून मांडीवर घेतली. बॅग रिकामी होती.

“आयुष्यभर मीच पुढे,” त्या म्हणाल्या. “मागे बसून रस्ता कसा दिसतो, ते मला कधी कळलंच नाही. सावकाश ने.”

बेडगच्या रस्त्यानं ते गेले आणि आले. उतरल्यावर त्यांनी सर्जेरावच्या डोक्यावर हात ठेवला, आणि टाकीवरही ठेवला.

सोमवारी तो पुन्हा वस्तादांच्या उंबऱ्यात उभा राहिला. या वेळी वाकून नमस्कार केला आणि बस म्हणायच्या आधीच खाली, जमिनीवर बसला.

“वस्ताद, त्या दिवशी तुम्ही ठिपकं बघितलं हुतं न्हवं?”

“व्हय.”

“मग मला का बोलला न्हाईसा? सरळ दुकान टाक म्हणालासा.”

“बोललो असतो तर काय केलं असतंस?”

सर्जेरावनं विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या मनातच आलं नाही.

“पंच लपवून मारला असता.”

वस्ताद हसले. शेजारी कुणीतरी तार लावत होतं, तिकडे जरा वेळ कान देऊन राहिले.

सर्जेरावनं खिशातून पंच काढून बाकावर ठेवला. वस्तादांनी त्याला हात लावला नाही. तो तसाच दोघांच्या मध्ये पडून राहिला.

“वस्ताद,” सर्जेराव म्हणाला. “असं ठिपकं किती इंजिनांत मारल्यात, ते मला बी आठवत न्हाई. मिरजंत हायत, सांगलीत हायत, पार जतपतूर गेल्यात. कुठं कोण पाना लावून बसला असंल… कुणाचं चेंबर फुटलं असंल… मी काय करू आता?”

वस्तादांनी बाकावरच्या पंचाकडे पाहिलं.

मग उठले. फळीवरच्या डब्यांमागं चाचपडले, आणि सिस्टरांची मेणबत्ती काढून थरथरत्या हातानं त्याच्यापुढे धरली.

“घे. बरीच उरलीय अजून.”